आमची मंडळी बंद झालेली नाही

‘मेथडिस्ट मंडळी १९७० सालीच चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली, मुंबईत आता मेथडिस्ट उरलेच नाहीत’ असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा एक पंथ, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन झालेलं चर्च.

गोंधळ कुठे झाला, तेही कळतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ते ऐक्य झालं, तेव्हा त्यात मेथडिस्ट होते. पण ते ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलेशियन कॉन्फरन्सचे, म्हणजे तिथल्या मेथडिस्ट संघटनांशी जोडलेले. आमची परंपरा अमेरिकन मिशनची, १८७१ मध्ये अमेरिकन धर्मप्रचारक विल्यम टेलर मुंबईत आले तिथपासूनची. आम्ही त्या ऐक्यात गेलो नाही. १९८१ मध्ये आमचं मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झालं.

हे सांगावंसं वाटलं, कारण निरोप वाचून आमच्या एका वयस्कर मावशींनी घाबरून विचारलं, “बाळा, माझ्या बाप्तिस्म्याची नोंद आता कुठं शोधायची?” मावशी, नोंदवही पाळकसाहेबांकडेच आहे. रविवारची मराठी उपासना, मुलांचा संडे स्कूल, आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना, सगळं चालू आहे. शेजारपाजारच्या कुणालाही, धर्म कुठलाही असो, अडचण असेल तर येऊन बोलावं. दार उघडंच आहे.