पन्नाशीनंतर वजन उचलायचं की नाही: व्हॉट्सॲपवरच्या मेसेजला उत्तर

गेल्या दोन आठवड्यांत हा मेसेज घरच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला. चौथ्यांदा तो मामांनी थेट मला पाठवला, खाली एक ओळ जोडून: "आता जिम पुरे करतो." मामा एकसष्ट वर्षांचे आहेत आणि आठवड्यातून दोनदा शिस्तीत व्यायाम करतात. कुणाचं नावगाव नसलेल्या मजकुरामुळे तो बंद पडणार असेल, तर गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पन्नाशीनंतर वजन उचललं की हृदय बंद पडतं. या वयात स्नायू तयार होतच नाहीत, नुसते सांधे झिजतात. प्रोटीनने किडनी जाते. जिम सोडली की स्नायूंची चरबी होते. या वयाच्या पुरुषाला चालणं पुरे, पोरांच्यात आरशासमोर उभं राहणं शोभत नाही. आणि सगळ्यात शेवटी, पुरुषत्व टिकवायचं असेल तर अमुक शिलाजीत कॅप्सूल घ्या, सोबत मोबाइल नंबर. एवढी भीती कशासाठी घातली ते त्या नंबरावरून कळतं.

हृदयाचं आधी बघू, कारण यात अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करावं लागतं. मेसेजमध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार आणि विनोदवीर राजू श्रीवास्तव यांची नावं आहेत. पुनीत ऑक्टोबर २०२१मध्ये ४६व्या वर्षी गेले. राजू श्रीवास्तव ऑगस्ट २०२२मध्ये कोसळले ते ट्रेडमिलवर, वजनाखाली नव्हे. जोराच्या श्रमाने हार्ट अटॅक येऊ शकतो, हे खरं आहे. प्रश्न आहे कुणाला आणि किती. मिटलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३चा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १,२२८ रुग्णांना त्यांनी विचारलं, त्याआधीच्या तासाभरात तुम्ही काय करत होता? जोराच्या श्रमानंतरच्या तासात धोका एरवीच्या जवळजवळ सहा पट निघाला. मेसेज लिहिणारा इथेच थांबला असता. पण हा आकडा फोडला की चित्र वेगळं दिसतं. आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांमध्ये तो धोका १०७ पट होता आणि पाच किंवा जास्त वेळा करणाऱ्यांमध्ये २.४ पट. म्हणजे धोका आहे तो वीस वर्षं खुर्चीत बसून एका सोमवारी अचानक जिममध्ये जाऊन तरुण मुलगा उचलतो तेवढं वजन उचलण्यात. नियमित करणाऱ्याला "बंद करा" असं सांगणं म्हणजे त्याला कमी धोक्याच्या गटातून उचलून १०७च्या गटात ढकलणं आहे. उद्या जिना चढताना किंवा गॅसचा सिलिंडर हलवताना श्रम होणारच आहेत, ते काही टळत नाहीत.

खरी खबरदारी कुठे घ्यायची ते मेसेजमध्ये नाही. पहिली गोष्ट श्वास. जड वजनाखाली श्वास कोंडून धरला की रक्तदाब क्षणभर भयंकर चढतो. १९८५मध्ये मॅकडूगल यांनी कसलेल्या बॉडीबिल्डर्सच्या धमनीत नळी घालून तो मोजला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलायच्या लेग प्रेसमध्ये तो सरासरी ३२०/२५० भरला. तरुण धमन्या हे सोसतात, साठीतल्या सोसतीलच असं नाही. म्हणून वजन वर ढकलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. आवाज करत सोडला तरी चालेल. श्वास कोंडल्याशिवाय वजन हलतच नसेल, तर ते वजन आज तुमचं नाही.

घरी बसून मोजलेला रक्तदाब १८०/११०च्या वर असेल तर त्या दिवशी वजन उचलायचं नाही. हर्निया, महाधमनीला आलेला फुगा, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यात होणारा रक्तस्राव, नुकतीच झालेली डोळ्याची शस्त्रक्रिया, यांत आधी डॉक्टर. छातीवर दाब, जबडा किंवा हात दुखणं, थंड घाम, चक्कर यांपैकी काहीही झालं की सेट तिथेच टाकायचा. "पित्त असेल" म्हणून पुढचा सेट मारायचा नाही.

आणि औषधं. मेटोप्रोलॉलसारखं बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारं औषध चालू असेल तर नाडी फारशी वर चढत नाही, त्यामुळे घड्याळावरचा हार्ट रेट बघून मेहनत मोजू नये. बोलता येतंय का, ते बघावं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्याने बेंचवरून झटकन उठू नये, डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर जड वजन बंद. या औषधांनी स्नायूबंध, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, तुटू शकतात आणि साठीनंतर, त्यातही स्टेरॉइड घेणाऱ्यांत, हा धोका जास्त असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८मध्येच हा इशारा दिला. या दोन गोळ्या आपल्याकडे लघवीच्या संसर्गासाठी किती सहज लिहून मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे.

आता "या वयात स्नायू तयार होत नाहीत". हे साफ खोटं आहे. १९९०मध्ये बॉस्टनला फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. सरासरी वय ९०. नऊ जणांनी तो पुरा केला. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या स्नायूचा आकार ९ टक्क्यांनी. नव्वदीत हे होतं, तर एकसष्टीत का होऊ नये?

वयाने शरीरात जे बदलतं ते वेगळंच आहे. झटक्याने ताकद लावणारे तंतू आधी आक्रसतात, म्हणून बळापेक्षा चपळाई लवकर जाते. ठेच लागल्यावर तोल सावरायला हीच चपळाई लागते. दुसरं, स्नायू काही आठवड्यांत सुधारतो, पण स्नायूबंधांना महिने लागतात. जिमला नव्याने येणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाचा घात इथे होतो. सहाव्या आठवड्यात ताकद वाढलेली जाणवते, तो दहा-दहा किलोच्या उड्या मारतो आणि खांदा किंवा कोपर दुखून बसतो. मग घरचे म्हणतात, "सांगितलं होतं ना, वय झालं." वय नाही, घाई झाली.

मग करायचं कसं? आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान अठ्ठेचाळीस तास. आधी पाच-दहा मिनिटं अंग गरम करायचं. मग ठरलेल्या वजनाच्या निम्म्याने एक सेट, पाऊण वजनाने एक, त्यानंतर खरे दोन. प्रत्येक सेट सलग ८ ते १२ वेळा उचलण्याचा आणि अजून दोन-तीन झाले असते असं वाटत असतानाच थांबायचं. ट्रेनर "काका, अजून एक" म्हणेल, त्याला हसून नाही म्हणावं. सलग दोन वेळा १२ सहज झाले की अडीच किलो वाढवायचे, हातांच्या व्यायामांत एकच. वर ढकलताना जोरात, खाली आणताना तीन मोजत.

गुडघे झिजतात म्हणणाऱ्यांसाठी, मांडीचा स्नायू मजबूत असेल तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. संधिवातात डॉक्टर हाच व्यायाम सांगतात. फक्त खोल बैठकेने सुरुवात करू नये. मागे बाक ठेवून टेकेपर्यंतच बसावं, हातात डंबेल नंतर. लेग प्रेसवर गुडघे छातीशी इतके आणू नयेत की कंबर गादीवरून उचलली जाईल, आणि वर गेल्यावर गुडघा ताठ लॉक करू नये. बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार वर ढकलताना, कोपरं बाजूला फाकवून नव्वद अंशात धरली की खांद्याची वाट लागते, ती पंचेचाळिसाच्या आसपास ठेवावीत. मानेमागून बार ओढणं किंवा ढकलणं या वयात सोडून द्यावं. जमिनीवरून बार उचलायच्या डेडलिफ्टमध्ये एक पंजा उलटा धरण्याची सवयही सोडावी. दंडाचा स्नायू कोपराजवळ तुटतो तो बहुतेक वेळा त्या उलट्या हाताचा.

"शोभत नाही" या वाक्याचा मला सगळ्यात राग येतो. पन्नाशीचा माणूस जिममध्ये आधीच अवघडलेला असतो. चहूकडे आरसे. सैल झालेली छाती, पट्ट्याच्या वर आलेलं पोट, पातळ झालेले दंड, सगळं एकदम दिसतं. आधीच्या पोराने बारवर ठेवलेल्या प्लेट काढून आपल्या छोट्या लावताना त्याला कमीपणा वाटतो. म्हणून तो प्लेट काढतच नाही, तेवढंच उचलायला जातो. दुखापती तिथे होतात. किंवा तो यायचंच बंद करतो आणि हा मेसेज त्याला त्यासाठी कारण पुरवतो. आपल्या तालमीत असं नव्हतं. कोल्हापूरच्या मोतीबाग किंवा गंगावेश तालमीत वय झालेला वस्ताद मातीच्या कडेला उभा राहायचा तो मानाने. त्याने किती वजन उचललं हे कुणी विचारत नव्हतं. त्याचा हात पोरांच्या पाठीवर पडला की पोरं जोर मारायची. मर्दपणा बारवरच्या किलोत मोजायची सवय अलीकडची आहे, ती पाळायचं बंधन कुणावर नाही.

मोजायचंच असेल तर हे मोजा. सतरा इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते बघा. साठ ते चौसष्टच्या पुरुषाला १४ जमले नाहीत, पासष्ट ते एकोणसत्तरच्या पुरुषाला १२, तर पाय कमजोर आहेत आणि पडण्याचा धोका वाढलेला आहे. दुसरी मुठीची पकड. आशियाई निकषांनुसार पुरुषाची पकड २८ किलोच्या खाली गेली तर स्नायू झडत असल्याची शंका घ्यायची. रोजच्या चालण्याने या दोन्ही गोष्टी फारशा सुधारत नाहीत. चालणं चांगलंच आहे, पण पुरेसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींतही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आहे आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंचा आहे.

आता ती कॅप्सूल. या मेसेजमधला खरा विषारी भाग हा आहे. पुरुषत्वाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या "हर्बल" गोळ्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, गुपचूप मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. ते घेतलेल्या माणसाच्या छातीत दुखलं आणि घरच्यांनी जिभेखाली सॉर्बिट्रेट ही छातीदुखीची गोळी दिली, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. दवाखान्यात डॉक्टर विचारतात "काही घेतलंय का?" आणि माणूस लाजेने नाही म्हणतो. मामा, वयाच्या साठीत हृदय बंद पाडायचा सगळ्यात सोपा मार्ग त्याच मेसेजच्या तळाशी छापलेला आहे.

टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनचंही तेच, जे काही जिममध्ये ट्रेनरच देतात. हे पुरुषी हार्मोन वयाने दरवर्षी थोडं घटतं, तो आजार नव्हे. तक्रारी असतील तर सकाळी, दोन वेगळ्या दिवशी तपासायचं. दोन्ही वेळा ३०० ng/dLच्या खाली आलं तर डॉक्टरांशी बोलायचं. खरोखर कमी असलेल्या पाच हजारांहून जास्त पुरुषांवर झालेली, २०२३ची ट्रॅव्हर्स चाचणी आहे. देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत हार्ट अटॅक वाढले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण हृदयाची अनियमित धडधड, फुप्फुसात गुठळी आणि किडनीला अचानक इजा, ही प्रकरणं जास्त दिसली. ट्रेनरच्या सुईत तर मात्राही कळत नाही आणि रक्त दाट होतंय का ते कुणी तपासत नाही.

प्रोटीनबद्दल थोडक्यात. किडनी आधीच खराब असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. किडनी धड असेल तर साठीनंतर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला ७० ते ८४ ग्रॅम. अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण अठरा. वरणभातावर ते भरत नाही, प्रोटीन पावडरचा डबा आणला नाही तरी चालेल पण ताट बदलावं लागेल.

स्नायूंची चरबी होत नाही, दोन्ही पेशी वेगळ्या. व्यायाम थांबतो, खाणं तेवढंच राहतं, म्हणून स्नायू घटतो आणि पोट वाढतं. सुट्टी पडलीच, आजारपण, लग्न, गावी जाणं, तर दोन आठवड्यांनंतर परत येताना जुन्या वजनाच्या निम्म्याने सुरू करायचं आणि तीन-चार खेपांत पूर्वीच्या जागी यायचं. मामांची गुरुवारची खेप चुकली आहे, तेव्हा रविवारी नेहमीचंच वजन चालेल.