ठिपके दिसतात म्हणून पासवर्ड सुरक्षित? नाही

“अर्ज भरताना पासवर्ड बिनधास्त सेव्ह करा. समोर नुसते ठिपके दिसतात, ब्राउझर पासवर्ड कुलूपबंद ठेवतो आणि निघताना हिस्टरी उडवली की मागे काही राहत नाही.” महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की असले मेसेज फिरतात आणि परभणी-हिंगोलीकडची लेकरं त्यावर विसंबून ई-सेवा केंद्रातल्या दिवसभर गर्दी असणाऱ्या संगणकावर बसतात.

आधी ठिपके. ते पाठीमागे उभ्या असलेल्याच्या नजरेपुरते. पासवर्डच्या चौकटीवर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडायचं आणि तिथल्या ‘पासवर्ड’ या प्रकाराच्या जागी ‘टेक्स्ट’ लिहायचं; ठिपके जाऊन अक्षरं दिसतात. दहावीतल्या पोरालाही जमतं.

कुलूपाचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त फसवतं. विंडोजवर क्रोम पासवर्ड कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात, ठेवतो, पण त्याची किल्ली विंडोजच्या खात्याला बांधलेली असते. सगळे एकाच खात्यात बसत असतील, तर ती किल्ली सगळ्यांच्याच हातात. क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल केलं म्हणजे भागलं, असंही नाही. समोर बसलेला कुणीही एका क्लिकवर त्यात शिरतो. फायरफॉक्समध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ची, म्हणजे साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवर एक मुख्य पासवर्ड लावायची, सोय आहे, पण ती आपण लावली तरच. (केंद्रवाल्याच्या वहीत गावभरचे पासवर्ड लिहिलेले असतात, ते तर कुठल्याच कुलूपात नसतात.)

हिस्टरी पुसली तर हिस्टरीच जाते. सेव्ह केलेला पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये जाऊन वेगळा काढावा लागतो.

खरा घोळ तर त्या मेसेजमध्ये सांगितलेलाच नाही. केंद्रावरच्या क्रोममध्ये आपल्या जीमेलने शिरून सिंक (खात्यातली माहिती त्या संगणकावरही आणणारी सोय) चालू केलं, तर एका अर्जाचा नव्हे, खात्यात साठवलेले सगळे पासवर्ड त्या संगणकावर येतात. असं झालं असेल तर मोबाइलवरून गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’मध्ये जा, उपकरणांच्या यादीतून तो संगणक साइन आउट करा आणि महत्त्वाचे पासवर्ड बदला.

घरी एकच संगणक असेल तर विंडोजमध्ये प्रत्येकाचं पासवर्डसह वेगळं खातं करा, अॅडमिनचं खातं एकाकडेच ठेवा आणि उठताना विंडोज बटण व ‘एल’ दाबा. केंद्रावर क्रोमची गेस्ट विंडो (पाहुण्यांसाठीची तात्पुरती खिडकी) मागून घ्या. ती बंद केली की लॉगिनही जातं. केंद्रचालकांना तर हे आणखी सोपं आहे: क्रोमच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘टार्गेट’ या चौकटीत शेवटी एक जागा सोडून दोन हायफन आणि इंग्रजीत ‘गेस्ट’ लिहिलं की गिऱ्हाइकांसाठीचा वेगळा शॉर्टकट तयार.