मालाची गाडी आहे, वाजणारच?

पिकअपचं दार वाजतंय अशी तक्रार घेऊन मुंबईतल्या कुठल्याही गॅरेजात जा, उत्तर ठरलेलं आहे. "मालाची गाडी आहे शेठ, वाजणारच." झालं निदान! दाराला हात लावला नाही, बिजागरी बघितली नाही, गाडीत बसून दोन मिनिटं कान दिला नाही. तेवढ्यात एखाद्या साहेबाची चकचकीत एसयूव्ही आत शिरते, डॅशबोर्डमधून टिकटिक येते म्हणून साहेब तोंड वाकडं करतात, की अख्खं गॅरेज त्या टिकटिकीच्या मागे धावतं. मालक स्वतः बाजूच्या सीटवर बसून राउंड मारून येतो. आम्ही तिथेच उभे. मालाची गाडी घेऊन.

अरे बाबांनो, माल मागे असतो. पुढे केबिनमध्ये माणूस बसलेला असतो. कांद्याला खडखड ऐकू येत नाही, फ्लॉवरचं डोकं दुखत नाही. माझं दुखतं. पहाटे अंधारात वाशी मार्केटात गाडी भरायची, खाडीपूल ओलांडून मानखुर्द, तिथून घाटकोपर, मग एलबीएस रोडने विक्रोळी-भांडुप करत मुलुंडपर्यंत दुकानं घ्यायची. साहेब गाडीत बसतात ते घरापासून ऑफिसपर्यंत. आमचा संसार गाडीत. डबा तिथेच खायचा, सिग्नलला डुलकी तिथेच काढायची, घरच्यांशी फोन तिथूनच. आणि उजव्या कानापासून वीतभरावर ते दार! खाली-वर उसळलं की खुळखुळ, वळण घेतलं की कुरकुर, आणि स्पीडब्रेकरवरून चाक उतरलं की असा खटाक् की आता दार हातात येतंय. बायको फोनवर विचारते, "भांडी घासताय का?"

रस्त्यांवर मी लिहिणार नाही. खड्डे, पेव्हर ब्लॉक, खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे, सगळं सगळ्यांचं बोलून झालंय. आणि खड्ड्यांच्या आड लपूनच हे गॅरेजवाले सुटतात. मला शिकवतात की पिकअपला मागे स्प्रिंगचे पाटे असतात. माहीत आहे! दीड टन भरला की पाटे दबतात आणि गाडी मुकाट चालते. रिकामी झाली की तेच पाटे ताठ, जरा खाच आली तरी मागचं धूड उडतं आणि पुढची केबिन हादरते. केबिनखालची माउंटिंगची रबरं बसली असतील तर आणखीच. सगळं मान्य. पण म्हणूनच तर हिच्या बिजागऱ्या जास्त बघायला पाहिजेत ना? जिला जास्त हादरे बसतात तिच्याकडे कमी लक्ष द्यायचं, हा कुठला न्याय?

बरं, फारच मागे लागलं तर उपाय काय? ग्रीस. डोंगरी ते दहिसर, सगळ्या आवाजांवर एकच औषध. बोटावर ग्रीसचा गोळा घेतला, बिजागरीवर फासला, दार चारदा उघडलं-मिटलं, "घ्या शेठ, मख्खन!" अरे, आवाज दार उघडताना येतच नव्हता, चालत्या गाडीत येत होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एका महाभागाने तर इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल डब्याने ओतलं. ते पायदानापर्यंत ओघळलं, माझ्या पँटला लागलं, आणि मेट्रोच्या कामाची धूळ त्यावर बसून काळा कुळकुळीत लगदा झाला. त्या लगद्यात बारीक रेती असते, ती बिजागरीची पिन खाते, हे सांगायला गेलो तर म्हणतो, "ऑइल है तो घिसेगा कैसे?" हात जोडले आणि निघालो.

दुसऱ्याने डब्ल्यूडी-४० काढलं. त्या डबीशी माझं भांडण नाही. १९५३ साली अमेरिकेत ती बनली ती पाणी हटवायला आणि गंज रोखायला, अॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरही मारायचे. जाम झालेला नट सोडवायला झकास. पण बिजागरीत ती कितीशी टिकणार? उलट आत जे काही जुनं ग्रीस शिल्लक असतं तेही धुऊन काढते. त्यात मुंबईचा पावसाळा, चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी, वर समुद्राची खारी हवा. आठवड्याभरात बिजागरी कोरडी ठणठणीत. आणि हा पठ्ठ्या तेवढ्यावर थांबला नाही, तोच फवारा दाराच्या रबर बीडिंगवर मारायला निघाला! बीडिंगच्या रबराला पेट्रोलियमचं तेल सोसत नाही, फुगतं आणि ढिलं पडतं. तिथे सिलिकॉन लागतं. हे मी ड्रायव्हर असून मला कळतं, आणि पाटीवर 'सर्व प्रकारच्या गाड्यांची कामे' लिहिणाऱ्याला कळत नाही.

डेंटर-पेंटरची तर आणखीच तऱ्हा. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आरटीओचं पासिंग, पुढे दरवर्षी. पासिंगच्या आधी रंगाला टाकली तर याने बिजागरीवरही रंग मारला. पिन, ती ज्यात फिरते तो बुश, सगळं रंगात बुडवलं. दाराच्या खालच्या कडेला गंज धरला होता, तिथे पुटी थापली आणि वरून रंग. पाणी निघून जायची भोकं असतात ना दाराच्या बुडाशी, ती पुटीने बंद! आता पावसाचं पाणी काचेच्या फटीतून आत जाणार आणि दाराच्या पोटात साचून राहणार. वरून दिसायला नवी नवरी, आतून कुजतेय.

शेवटी म्हटलं चला, पैसे गेले तर गेले, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊ. नाव घेत नाही. टाय लावलेल्या पोराने जॉब कार्डवर लिहून घेतलं, "कस्टमर म्हणतो आवाज येतो." म्हणतो! म्हणजे मला भास होतोय. मग टेस्ट राइड. कुठे? सेंटरच्या मागच्या नव्या कोऱ्या काँक्रीटच्या रस्त्यावर, दोन्ही काचा पूर्ण वर करून. काच पूर्ण वर असली की ती चॅनलच्या फेल्टमध्ये घट्ट बसते, तिचा आवाज येतच नाही. निम्मी खाली घे आणि मग चालव ना राजा! आणि आम्ही निम्मी खालीच ठेवतो, कारण आमच्या गाडीत एसी नसतो. परत आला आणि म्हणाला, "सर, आवाज नाहीये." मी म्हटलं, चल माझ्याबरोबर एलबीएसला. म्हणे तेवढा वेळ नसतो. मग "चेक करतो" म्हणून दाराचं आतलं पॅड उचकटलं. ते प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसतं, त्यातल्या निम्म्या तोडल्या. आत पाणी अडवायला प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो फाडला आणि तसाच लोंबता ठेवून पॅड परत ठोकलं. वर सल्ला, "डोअर असेंब्ली बदलून घ्या." आकडा सांगत नाही, बीपी वाढतो.

आणि त्या दिवसापासून एक नवाच आवाज! ब्रेक मारला की टिंग, वळलं की टिंग. दाराच्या पोटात लहान पोराच्या खुळखुळ्यासारखं काहीतरी घरंगळत होतं. आता हे कोण शोधणार? मीच. पॅड काढलं, बॅटरी मारली, जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून आत सोडलं. निघाला काय? एक स्क्रू. ते पॅड बसवताना सर्व्हिस सेंटरवाल्याच्या हातून निसटलेला. त्याला माहीत होतं तो पडलाय ते. ऐकू येतं ना पडल्यावर! पण उचलायचा कंटाळा. मालाची गाडी आहे, वाजणारच.

आणि फुकटचे सल्लागार वेगळेच. "टेपचा आवाज वाढव." अरे वा! मार्केटात एकाने हा उपाय करून बघितला, दारात मोठे स्पीकर बसवायला पॅडला भोकं पाडून घेतली. आता त्याचं दार गाण्याच्या ठेक्यावर वाजतं.

आता दार आपटणाऱ्यांचं बोलतो, कारण मेकॅनिक एकदा बिघडवतो, हे रोज बिघडवतात. दुकानाचा पोऱ्या पावती घ्यायला केबिनमध्ये चढतो, उतरताना धाडकन. हमाल मामा पुढच्या गाळ्यापर्यंत बसून येतात, धाडकन. आमचा क्लिनर तर असा आपटतो की दाराने याचं कर्ज बुडवलंय. "अरे बाळा, हळू." "लागत नाही ना भाऊ हळू!" आणि तो खोटं बोलत नाही, तीच तर गंमत आहे. बिजागरीची पिन आणि बुश झिजले की दार खाली लोंबतं. लोंबलेलं दार चौकटीवरच्या, लॉक अडकतं त्या यू-हुकात सरळ शिरत नाही, खालून घासत जातं. मग जोर लावून आपटायचं. आपटलं की पिन आणखी झिजते, दार आणखी लोंबतं. हुकावरचं प्लॅस्टिकचं आवरण उडतं आणि लोखंडावर लोखंड. हे चक्र तोडायचं तर बुश बदलायचा, एवढीच गोष्ट आहे.

आणि ते ओळखायला काय लागतं? पान्हासुद्धा लागत नाही. दार अर्धं उघडा, हँडलच्या बाजूने दोन्ही हातांनी वर उचला. टोक वर-खाली हललं आणि बिजागरीपाशी टक्क झालं की बुश गेला. गाडी चालत असताना दार तळहाताने बाहेर रेटून धरा, आवाज थांबला तर पकड ढिली, यू-हुक पाव सूत आत घ्यायला पाहिजे. दार आणि चौकटीच्या मध्ये मार्केटची पावती धरून दार लावा आणि पावती ओढा, सुळ्ळकन आली तर तिथे बीडिंग दबलंय. मी चारी बाजूंनी ओढून बघितली, वरच्या मागच्या कोपऱ्यात ती वाऱ्यासकट बाहेर आली. पाच मिनिटांचं काम. एवढ्या गॅरेजांत पाय झिजवले, एकाने दार उचलून बघितलं असेल तर शपथ!

उचललं कोणी? कुर्ल्याच्या एका लेथवाल्याने. त्याच्याकडे मी दारासाठी गेलोच नव्हतो, मागच्या फाळक्याची, म्हणजे माल चढवायला उघडतो त्या झडपेची, पिन बनवायला गेलो होतो. मी उतरलो, दार लावलं, आणि तो लेथवरून मान वर न करता म्हणाला, "बुश खलास है." नुसता आवाज ऐकून! मग आला, दार उचललं, टक्क. बाजारात म्हणे नुसता बुश मिळत नाही, अख्खा बिजागरीचा जोड घ्या. याने जुनी पिन मापली, पितळी बुश टर्न केले. बिजागरी पत्र्यावर कुठे बसते त्याच्या कडेने पेन्सिलची रेघ मारली, मग दोघांनी मिळून दार उतरवलं. बुश ठोकले, रेघेवर रेघ जुळवून दार चढवलं. हुकालाही रेघ मारून बोल्ट ढिले केले, हातोडीच्या दांड्याने इवलासा आत सारला, कसला. रबराला सिलिकॉन, बिजागरीला मोजून पांढरं ग्रीस. बोलला काहीच नाही. पैसे सांगितले तेव्हा मलाच लाज वाटली, इतके कमी. त्याच्या दुकानाला धड पाटीही नाही, आणि ज्यांच्या पाट्या रात्री लुकलुकतात ते मला अख्खं दार बदलायला सांगतात.

आता उजवं दार बोटाने लागतं. म्हणून डावं ऐकू यायला लागलंय, आधी ते याच्या गोंगाटात लपलं होतं. त्याच्या आड फाळक्याच्या साखळ्या होत्या, त्यांना मी सायकलची ट्यूब कापून चढवली, त्या गप्प झाल्या. डाव्या दारासाठी लेथवाल्याने सोमवारी बोलावलंय. क्लिनरला सांगून ठेवलंय की तोवर डाव्या दाराला हात लावशील तर याद राख, खिडकीतून उतर.

काल त्या पहिल्या ग्रीसवाल्याच्या गॅरेजवरून जात होतो. हात दाखवून थांबवलं, दार उघडलं, लावलं, परत उघडलं, परत लावलं. मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणतो, "बोललो होतो ना शेठ, ग्रीस बसायला टाइम लागतो!"