लिथियम घेताय? मग रक्ताची वेळ चुकवू नका

बायपोलरसाठी (मन कधी टोकाचं उत्साही, कधी खोल उदास होतं तो आजार) डॉक्टरांनी लिथियम लिहून दिलं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं: "किडनी जाते म्हणे!" माझं मत स्पष्ट आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात डॉ. जॉन केड यांनी मॅनियासाठी, म्हणजे त्या टोकाच्या उत्साहाच्या अवस्थेसाठी, वापरलेलं हे औषध आजही या आजारातलं सगळ्यात भरवशाचं औषध आहे. आत्महत्येचा धोका ते कमी करतं, हे तर कुणी सांगतच नाही. किडनीवर लक्ष ठेवावं लागतं, हे खरं. पण त्यासाठीच तपासण्या असतात. आणि घोळ तिथेच होतो.

लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी बघायची असते. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त. सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. चहाबरोबर गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात की आकडा फुगतो, गरज नसताना डोस कमी होतो आणि आजार पुन्हा डोकं वर काढतो. लिथियम हेपॅरिनच्या (रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या, लिथियम असलेल्या द्रव्याच्या) नळीत रक्त घेतलं तरी रिपोर्ट चुकीचा वर येतो, म्हणून लॅबला आधीच सांगा. पातळी साधारण ०.६ ते ०.८ (mmol/L) ठीक, १.५ च्या वर धोका. डोस बदलल्यावर ५ ते ७ दिवसांनी तपासणी, पहिल्या वर्षी दर ३ महिन्यांनी. क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम दर ६ महिन्यांनी.

आता मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या गोळ्या. गुडघा दुखला म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं की किडनीतून लिथियम बाहेर पडणं मंदावतं. पॅरासिटामॉल चालतं. बीपीच्या टेल्मिसार्टनने आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही पातळी चढते, म्हणून बीपीच्या डॉक्टरांनाही लिथियमचं सांगा. मीठ एकदम तोडलं तरी तेच, कारण सोडियम कमी पडलं की किडनी लिथियमही धरून ठेवते.

पुण्यातला एप्रिल-मे, निर्जळी उपास, वारीत दिवेघाटाची चढण, जुलाब-उलट्या: पाणी आणि मीठ दोन्ही कमी पडतात, आणि लिथियमची पातळी चढते. हाताला बारीक कंप अनेकांना असतो. पण कप धरवेना, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, उलट्या सुरू झाल्या, तर पुढची गोळी न देता थेट इमर्जन्सीला न्या आणि पातळी तपासायला सांगा.

बरं वाटतंय म्हणून गोळी मात्र एकदम बंद करू नका. मॅनिया उलटून येतो. थांबवायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, निदान ४ आठवड्यांत हळूहळू.