अर्थिंग आहे की!

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात फ्रिज उघडायचा तर पायात स्लीपर लागायची. अनवाणी पायाने हँडल धरलं की कोपरापर्यंत मुंग्या. म्हणून फ्रिजपुढे चपलांचा एक जोड कायमचा मांडलेला. कुणी पाहुणा उठून पाणी घ्यायला निघाला की आई आतून ओरडायची, "चपला घालून जावा हं!" पाहुणे बिचारे तहानच आवरायचे.

शेवटी वायरमन आणला. त्याने फ्रिजच्या पत्र्याला टेस्टर टेकवला, आतला दिवा लालभडक पेटला. "अर्थिंग हाय की तुमचं," तो म्हणाला. "तीन पिनचं सॉकेट हाय न्हवं?"

तिसरं भोक दिसलं की अर्थिंग आहे, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. त्या भोकामागची हिरवी वायर पुढे कुठे जाते, हे विचारायचं नसतं. मी विचारलं. मग आम्ही दोघं तिच्या मागावर निघालो. मीटरच्या बोर्डाखालून ती मोरीकडे वळली आणि नळाच्या पाइपला घट्ट गुंडाळलेली सापडली. पूर्वी तशी रीतच होती, पाइप लोखंडी असायचा आणि थेट जमिनीत जायचा. आमच्या प्लंबरने तो काढून प्लास्टिकचा बसवला होता आणि जाताना वायर परत त्याच्याभोवती व्यवस्थित बांधून ठेवली होती. कामात चोख माणूस! त्यामुळे फ्रिजच्या पत्र्यावर झिरपणाऱ्या करंटला जमिनीत जायला एकच वाट उरली होती, आमच्या अंगातून.

गल्लीत बातमी फिरली आणि सल्ले आले. "न्यूट्रललाच जोड की भावा, विषय संपला." खरंच संपला असता, आमच्यासकट. न्यूट्रल म्हणजे वीज परत नेणारी वायर; ती कुठेतरी तुटली की घरातल्या प्रत्येक पत्र्यावर 230 व्होल्ट.

परसात खड्डा खणला. त्यात लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी. मिठाचं पोतं बघून आईने कपाळाला हात लावला. "एवढं खारट कुणाला वाढणार हाय?" बोर्डात 30 मिलिअँपिअरचा ब्रेकरही बसवला, एवढा करंट गळला की वीज तोडणारा. त्याने पहिल्याच सकाळी, आप्पा अंगाला साबण लावून बसलेले असताना, गीझरमधलं लीकेज पकडलं. आप्पांनी त्याचं कौतुक केलं नाही.

फ्रिज मात्र गप झाला. आता आप्पांच्या रेडिओची खरखरही गप होणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आप्पा संध्याकाळी मीडियम वेव्हवर सांगली आकाशवाणी लावतात, 1251 किलोहर्ट्झ. कोल्हापूरचं एफएम घरात खणखणीत लागतं, पण ते सांगायची सोय नाही. तर त्या सांगलीवर दिवेलागणीपासून जी खरखर सुरू व्हायची, ती मीठ-कोळशानंतरही जशीच्या तशी. वायरमन म्हणाला, "आप्पा, रेडिओच बदला." आप्पांनी वायरमन बदलायचा विचार बोलून दाखवला.

रेडिओ सेलवर लावून मी एकेक एमसीबी पाडत गेलो. शेवटच्या स्विचला खरखर थांबली आणि सांगलीचा निवेदक शेजारी बसल्यासारखा बोलू लागला. तो स्विच देवघराचा. अंबाबाईच्या तसबिरीला आईने स्वस्तातली एलईडी माळ लावली होती. तिच्या इवल्याशा अडॅप्टरमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते, आणि घरातल्या वायरीच त्याचं अँटेना होतात. अर्थिंगचा इथे काही संबंधच नव्हता. माळ काढायचा विषय मी काढला आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून लगेच मिटवला.

मग शास्त्राकडे वळलो. मीडियम वेव्हच्या रेडिओत फेराइटची कांडी असते. तिचं टोक ज्या दिशेला करावं, तिकडचं तिला जवळजवळ ऐकू येत नाही. म्हणजे टोक देवघराकडे केलं की काम झालं! रेडिओ फिरवला. खरखर गेली. सांगलीही गेली. देवघर वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येला, आणि आप्पांच्या खुर्चीवरून बघितलं तर सांगलीही साधारण तिकडेच.

आप्पांची खुर्ची पंख्याखालून हलत नाही, हे घरात लहान पोरालाही ठाऊक आहे. "म्हणजे देवघरच हलवायला पाहिजे," आप्पा रेडिओ मांडीवर घेऊन म्हणाले.

आतून आईचा आवाज आला, "त्यापेक्षा सांगली हलवा."