डावा स्पीकर हळू वाजतो: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. दोन स्टार का दिलेत ते वाचलं. डावा मॉनिटर, म्हणजे स्टुडिओचा स्पीकर, उजव्यापेक्षा हळू वाजतो, फोन केलात तर आमच्या मुलाने 'दोन्ही नॉब बारावर (घड्याळातल्या बारासारखे सरळ वर) ठेवा' सांगून फोन ठेवला, आणि रिक्षात दोन खोकी घालून दुकानात आलात तर 'पीसमध्ये फॉल्ट नाही' म्हणून परत पाठवलं. सगळं खरं आहे.

नॉबचा सल्ला चुकीचाच होता. तुमच्यासारख्या पॉवर्ड मॉनिटरच्या जोडीत प्रत्येक डब्याला स्वतःचा ॲम्प्लिफायर आणि स्वतःचा व्हॉल्यूम असतो. नॉबवरची खूण म्हणजे मोजमाप नव्हे. आतल्या पॉटमध्ये (नॉबने फिरणाऱ्या रेझिस्टरमध्ये) 10-20 टक्के इकडे-तिकडे चालायचंच. काउंटरवर तुमच्या जोडीतही दोन्ही नॉब बारावर असताना साधारण दीड डेसिबलचा फरक होता. एक नॉब केसभर मागे घेतला आणि मिटला. हे तुमच्यासमोर करायला हवं होतं. मुलगा नवीन आहे, पण त्याला शिकवणं माझं काम.

मात्र दीड डेसिबलसाठी कोणी खोकी उचलून आणत नाही. तुमचं एक वाक्य मी परत परत वाचलं: स्पीकर अदलाबदल केले तरी डावीकडचाच हळू. स्पीकर बिघडला असता तर दुखणं त्याच्याबरोबर उजवीकडे गेलं असतं. म्हणून तुमचा फोटो मोठा करून पाहिला. टेबलावर दोन केबल आहेत. एकीच्या जॅकवर दोन काळ्या रेघा, दुसरीवर एकच. पहिली बॅलन्स्ड (सिग्नल दोन तारांतून नेणारी), दुसरी गिटारची (एकाच तारेची). बॅलन्स्ड आउटपुटला गिटारची केबल लावली की बऱ्याच इंटरफेसवर (कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरला देणाऱ्या डब्यावर) लेव्हल 6 डेसिबलने खाली येते. दुकानात आम्ही आमच्या केबल लावून ऐकलं, त्यामुळे सगळं ठीक वाटलं. आणि बिल काढलं तर दोन्ही केबल आमच्याच काउंटरवरून गेलेल्या. चूक आमची.

बरोबर केबल आजच पाठवतोय, पैसे नकोत. लावल्यावर पिंक नॉइज (धबधब्यासारखा एकसारखा चाचणीचा आवाज) सोडा, एका वेळी एकच स्पीकर. फोनमधलं आवाज मोजायचं मीटर 'सी-वेटिंग' आणि 'स्लो' या सेटिंगवर ठेवून तुमच्या खुर्चीत कानाच्या उंचीला धरा आणि जास्त वाजणाऱ्याचा नॉब आकडे जुळेपर्यंत कमी करा. फोनचा आकडा अचूक नसेल, पण दोन बाजूंची तुलना करायला पुरतो. मग मोनोत (दोन्ही स्पीकरमधून सारखाच) एखादा गाता आवाज लावा. तो बरोबर मधून आला पाहिजे.

फोटोत डावा स्पीकर कोपऱ्यात भिंतीला चिकटलेला दिसतो. त्याने आवाज कमी होत नाही, उलट बास फुगतो. ते दुखणं वेगळं, पण हातभर पुढे ओढाच.

एवढं करूनही फरक राहिला तर पूर्ण जोडी बदलून देतो. तोपर्यंत खोकी टाकू नका.

– दुकानमालक