युरियाला अंगठा, विषाला काही नाही

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या घरी सिंक तुंबलं आणि नाशिकच्या सवयीने मी दुकानात जाऊन ॲसिड मागितलं. १५ टक्क्यांहून तीव्र सल्फ्युरिक ॲसिड हवं असेल तर इथे घरगुती गिऱ्हाइकालाही गृहखात्याचा परवाना लागतो, हे तेव्हा कळलं. शेवटी सोडा आणि उकळतं पाणी ओतून भागवलं.

निफाडच्या धाकट्या भावाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. लाल त्रिकोणाचं, म्हणजे सर्वांत विषारी गटातलं कीटकनाशक कोण नेतं याची नोंद व्हावी की नको, यावरून आमचं दर हंगामात वाजतं. "दादा, डावणी आली की दोन दिवसांत बाग जाते. फवारू की रांगेत उभा राहू?" डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग, आणि त्याची बुरशीनाशकं बहुतेक लाल त्रिकोणात येतच नाहीत, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

भारतात १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने विकणाऱ्याला परवाना लागतो, डब्यावर त्रिकोण लागतो. घेणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. मुळात आपण त्याला विष म्हणतच नाही. कृषी सेवा केंद्रात 'औषध' मिळतं. आणि गावात कुणी 'औषध घेतलं' अशी बातमी आली, तर ते कोणतं हे विचारावं लागत नाही.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा सगळा जिल्हा हादरला होता. निर्यातीच्या बागेचे नमुने आज प्रयोगशाळेत जातात. म्हणजे इथल्या गिऱ्हाइकाच्या पोटात काय जाणार ते आपण काटेकोर मोजतो. पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराचं कोण मोजतं? २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली.

इंग्रज काही साधू नाहीत. पॅराक्वाट हे तणनाशक २००७ पासून इथे वापरता येत नाही, पण हडर्सफील्डला बनवून ते बाहेर विकलं गेलंच. म्हणून मी भावाला इंग्लंडचं नाही, श्रीलंकेचं उदाहरण देतो. त्यांनी १९९५ ला मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक बंद केलं, मागोमाग एंडोसल्फान. २००५ पर्यंत आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि भाताचं उत्पादन काही घटलं नाही.

रांगेचं म्हणाल तर अनुदानाच्या युरियाच्या गोणीसाठी आधार दाखवून मशीनवर अंगठा द्यावा लागतोच की! तेच मशीन, तोच दुकानदार. लाल त्रिकोणापुरता आणखी एक अंगठा घ्यायला काय हरकत आहे?

"मशीनला रेंज नसते," भाऊ म्हणाला.